उन्हाळी विद्यावर्ग व त्यांचे मोल

शालेय वर्षाची अखेर जवळ आली, म्हणजे पूर्वी नसरापुरासारख्या गावी सुटीचे बेत दोनच प्रकारचे असत : मामाच्या गावी जावयाचे, किंवा घरच्या कामास हातभार लावावयाचा. अलीकडे त्यांत तिसऱ्या बेताची भर पडली आहे. पालकांच्या मोबाईलवर रंगीत जाहिराती येतात. त्यांत नामांकित विद्यापीठांच्या इमारतींची चित्रे असतात, हिरवळीवर बसून हसणारी मुले असतात, आणि नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांस दोन-तीन आठवडे तेथे ठेवून घेऊन विद्यापीठातील शिक्षणाचा अनुभव देण्याचे आश्वासन असते. फीचा आकडा बहुधा अगदी शेवटी असतो. कधी कधी तो फोन केल्यावाचून कळतच नाही.

हे वर्ग घ्यावे की न घ्यावे, असा प्रश्न आता आपल्या भागातील पालकही विचारू लागले आहेत. महामार्गावरील कारखान्यांत नोकरी करणारे, भातशेती करणारे, लहान दुकान चालविणारे असे हे पालक आहेत. त्यांच्या दृष्टीने हा हौसेचा प्रश्न नाही. अशा एका वर्गाची फी म्हणजे त्यांच्या कित्येक महिन्यांची मिळकत असते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर घाईने देणे बरे नव्हे. हे वर्ग कशासाठी निघाले, आज त्यांत काय विकत मिळते, आणि जे विकत मिळत नाही ते कोठे मिळते, या तीन गोष्टींचा क्रमाने विचार करू.

उन्हाळी वर्गांचा उगम

उन्हाळ्याच्या सुटीत विद्यापीठाचे दार उघडावे, ही कल्पना जुनी व चांगली आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १८७१ साली असे वर्ग सुरू झाले. त्यांचे पहिले विद्यार्थी शाळेतील मुले नव्हती, तर शाळेत शिकविणारे शिक्षक होते. वर्षभर मुलांस वनस्पतिशास्त्र शिकवावयाचे, पण स्वतः सूक्ष्मदर्शक यंत्रातून पान कधी पाहिलेले नाही, अशी अनेकांची अडचण होती. ती दूर करण्यासाठी प्रयोगशाळा त्यांच्यासाठी खुली करण्यात आली.

पुढे दोनच वर्षांनी, १८७३ साली, प्राणिशास्त्रज्ञ लुई अगासी यांनी मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळील पेनिकीस नावाच्या लहानशा बेटावर सुमारे ५० शिक्षक-शिक्षिकांस उन्हाळ्यात एकत्र केले. पुस्तके बाजूस ठेवून समुद्रातील प्राणी प्रत्यक्ष पाहावे, हा तेथील अभ्यासाचा मुख्य नियम होता. अगासींची शिकविण्याची रीत त्यांच्या एका शिष्याने पुढे लिहून ठेवली आहे. हा शिष्य त्यांच्याकडे प्रथम आला, तेव्हा त्यांनी त्याच्यासमोर जतन करून ठेवलेला एक मासा ठेवला, तो नीट पाहण्यास सांगितले व ते निघून गेले. दहा मिनिटांत शिष्यास वाटले की, पाहावयाचे ते सर्व पाहून झाले. गुरुजी तर तासन् तास परत येईनात. कंटाळून त्याने माशाचे चित्र काढावयास घेतले, तेव्हा आधी न दिसलेल्या गोष्टी त्यास दिसू लागल्या. तीन दिवस तोच मासा त्याच्यापुढे होता. त्या तीन दिवसांत आपण जे शिकलो ते पुढे कोणत्याही अभ्यासात शिकलो नाही, अशा अर्थाची कबुली त्याने दिली आहे. मासा एक, पाहणारा एक आणि 'अजून पाहा' म्हणून सांगणारा एक, इतकेच त्या शिक्षणाचे साहित्य होते.

त्याच सुमारास आपल्या पुण्यातही उन्हाळ्याच्या दिवसांचा सदुपयोग करण्याचा एक उद्योग सुरू झाला. १८७५ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. कोर्टे व शाळा बंद असताना शहरातील विद्वानांनी सामान्य नागरिकांपुढे येऊन आपापल्या विषयावर बोलावे, अशी ती योजना होती. ही व्याख्यानमाला दीडशे वर्षांचा काळ ओलांडून आजही ओळखली जाते. कारकून, विद्यार्थी, व्यापारी हे सर्व एकाच मंडपात बसून ऐकत, आणि त्यांच्याजवळ कोणती पदवी आहे हे कोणी विचारीत नसे.

या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. ज्ञान ज्यांच्याजवळ होते, त्यांनी ते ज्यांच्याजवळ नव्हते त्यांच्यापर्यंत पोचविण्याची खटपट केली. सुटी हे त्यासाठी लाभलेले मोकळे अंगण होते.

आज काय विकत मिळते

आज अशा वर्गांचे दोन स्पष्ट प्रकार झाले आहेत, आणि बाहेरून पाहणाऱ्यास ते सारखेच दिसतात. येथेच पालकांची फसगत होण्याचा संभव असतो.

पहिल्या प्रकारात जो फी भरील त्यास बहुधा जागा मिळते. अर्ज असतो, निबंध असतो, परंतु निवड सैल असते. हार्वर्डचाच दाखला घेऊ. तेथे माध्यमिक शाळेतील मुलांसाठी आज दोन आठवड्यांचा जो वर्ग चालतो, त्याची फी ५,००० डॉलरांच्या वर आहे. म्हणजे आपल्या रुपयांत सव्वाचार लाखांहून अधिक. विमानाचे भाडे व व्हिसाचा खर्च त्याहून निराळा. इंग्लंडमध्ये तर आणखी एक प्रकार आढळतो. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज या गावांची नावे घेऊन जे उन्हाळी वर्ग चालतात, त्यांतील पुष्कळसे विद्यापीठाचे नसतातच. सुटीत महाविद्यालयांची वसतिगृहे रिकामी असतात. खाजगी कंपन्या ती भाड्याने घेतात आणि आपले वर्ग भरवितात. जाहिरातीतील घुमट खरा असतो, पण त्या घुमटाखाली शिकविणारा मनुष्य विद्यापीठाचा अध्यापक असेलच असे नाही. आपल्या देशातील काही खाजगी विद्यापीठेही आता असे सशुल्क वर्ग भरवितात. तेथील फी परदेशाइतकी नसली, तरी आपल्या भागातील कुटुंबास ती हलकी नाही.

अशा वर्गाचे प्रमाणपत्र पुढे प्रवेशाच्या कामी येईल, असे पालकांस वाटते. त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्या देशात आय. आय. टी.चा प्रवेश जे. ई. ई. परीक्षेवर, वैद्यकीय प्रवेश नीट परीक्षेवर आणि राज्यातील अभियांत्रिकी, औषधनिर्माण व कृषी अभ्यासक्रमांचा प्रवेश मुख्यतः एम. एच. टी. सी. ई. टी.वर अवलंबून असतो. या परीक्षांत उन्हाळी वर्गाच्या प्रमाणपत्रास एक गुणही नाही. परदेशी विद्यापीठे विद्यार्थ्याच्या एकंदर कामगिरीकडे पाहतात हे खरे. परंतु पैसे भरून बसलेला वर्ग आणि निवड होऊन मिळालेली संधी यांतील भेद तेथील निवड करणाऱ्यांस चांगलाच ठाऊक असतो. आपल्या उन्हाळी वर्गात बसल्याने पुढील प्रवेशाची हमी मिळत नाही, हे ही विद्यापीठे स्वतःच सांगतात.

दुसऱ्या प्रकारात निवड कठीण असते, आणि नवल असे की, खर्च बहुधा संस्थाच सोसते. अमेरिकेत १९८४ पासून 'रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट' नावाचा सहा आठवड्यांचा उपक्रम चालतो; आता तो मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत भरतो. जगभरातून सुमारे शंभर मुले निवडली जातात; त्यांच्याकडून शिकवणीची वा राहण्या-जेवणाची फी घेतली जात नाही. प्रत्येकाने एका मार्गदर्शकाच्या हाताखाली खरे संशोधन करून त्याचा अहवाल लिहावयाचा असतो.

इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने, म्हणजे इस्रोने, २०१९ साली 'युविका' हा उपक्रम सुरू केला. तो नववीत शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. उन्हाळ्याच्या सुटीत सुमारे दोन आठवडे इस्रोच्या केंद्रात राहावयास मिळते, आणि प्रवास, निवास व भोजन यांचा खर्च इस्रो करते. निवड करताना आठवीचे गुण, प्रश्नमंजूषा, विज्ञानप्रदर्शन व क्रीडास्पर्धांतील सहभाग इत्यादी पाहतात. आणि ग्रामीण भागातील शाळेत शिकणाऱ्यास त्याबद्दल अधिक गुण देतात. नसरापूर, वेल्हे, भोर येथील विद्यार्थ्यांनी हे शेवटचे वाक्य दोनदा वाचावे. खेड्यातील शाळा ही येथे उणीव नसून पात्रता ठरते. मुंबईत १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात ऑलिंपियाडच्या परीक्षांतून वर आलेल्या मुलांची शिबिरे भरतात. तेथेही प्रवेश ठरतो तो उत्तरपत्रिकेवर, पैशावर नव्हे.

पुण्यातील 'आयुका' या खगोलशास्त्राच्या संस्थेचा उपक्रम तर आपल्यास अगदी जवळचा. डॉ. जयंत नारळीकर हे या संस्थेचे संस्थापक-संचालक. या संस्थेने शाळकरी मुलांसाठी उन्हाळी सुटीत आठवड्याआठवड्याचा उपक्रम चालविला. त्याचे वैशिष्ट्य असे की, त्यास ठराविक अभ्यासक्रमच नव्हता. थोडी थोडी मुले एकेका शास्त्रज्ञाकडे सोपवावयाची, त्यांनी सोमवार ते शुक्रवार त्याच्याबरोबर एखाद्या प्रश्नावर काम करावयाचे, ग्रंथालय वापरावयाचे, आणि अखेरीस आपण काय केले ते सांगावयाचे. पेनिकीस बेटावरील रीत व ही रीत यांतील नाते वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

यावरून एक ढोबळ नियम निघतो. जेथे विद्यार्थ्याची पारख काटेकोर, तेथे पैशाची मागणी थोडी. आणि जेथे पैशाची मागणी भारी, तेथे विद्यार्थ्याची पारख बहुधा सैल. या नियमास अपवाद आहेत. काही चांगले वर्ग फी घेतात, आणि गरजू मुलांस शिष्यवृत्तीही देतात. पण चौकशीस आरंभ करण्यास हा नियम पुरेसा आहे.

दुसरी बाजू

आता न्यायाने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. सशुल्क वर्गांत काहीच लाभ नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. मूल प्रथमच घराबाहेर राहते, आपले कपडे आपण धुते, आपला वेळ आपण आखते. निरनिराळ्या प्रांतांची मुले भेटतात. आपल्यास आवडेल असे वाटणारा विषय प्रत्यक्षात आवडत नाही, हे दोन आठवड्यांत कळले, तर पुढची दोन वर्षे वाचतात. इंग्रजीत बोलण्याची भीड मोडते. ज्या कुटुंबास कर्ज न काढता, धाकट्या भावंडांच्या वाट्याचे न घेता हा खर्च करता येतो, त्याने तो प्रवासासारखा किंवा सहलीसारखा खुशाल करावा. फक्त त्यास गुंतवणूक म्हणू नये.

परंतु मुलांच्या मनात याहून खोल असे काहीतरी असते, आणि ते आपण मोठ्यांनी ओळखले पाहिजे. आपल्याच भागातील नववीतल्या एका मुलीने अशा वर्गाचा हट्ट धरला. दहा दिवसांची फी दीड लाख रुपये होती. वडील कारखान्यात नोकरीस. मुलीच्या आईच्या पाटल्या गहाण ठेवाव्या की काय, असे विचारावयास ते आले. मुलगी उधळी नव्हती, की जाहिरातीस भुलणारीही नव्हती. तिला विचारले, 'तुला तेथे काय मिळेल असे वाटते?' तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली व म्हणाली, 'तिथं मी प्रश्न विचारला तर कुणी हसणार नाही.'

या उत्तरापुढे फीची चर्चा लहान वाटते. त्या मुलीस इमारत नको होती, की प्रमाणपत्रही नको होते. आकाश निळे का दिसते, विहिरीचे पाणी उन्हाळ्यात कोठे जाते, असले प्रश्न मनमोकळेपणाने विचारता येतील अशी सोबत तिला हवी होती. ही भूक खरी आहे. तिला 'फाजील लाड' म्हणून जो धुडकावून लावील, तो शिक्षक नव्हे. पण ही भूक भागविण्यासाठी आईच्या पाटल्या विकाव्या लागत असतील, तर तो दोष मुलीचा नाही आणि बापाचाही नाही. तो आपल्या शाळांचा, गावाचा व वर्गातील हसणाऱ्या मुलांचा आहे.

प्रभु येशूने बुरूज बांधू इच्छिणाऱ्या मनुष्याचा दाखला दिला आहे. पाया घालण्यापूर्वी शहाणा मनुष्य खाली बसून खर्चाचा हिशेब करतो. नाही तर पाया तेवढा पडतो, बुरूज अपुरा राहतो आणि येणारे जाणारे हसतात. त्या वडिलांबरोबर असाच हिशेब करून पाहिला. मुलीचे खरे शिक्षण पुढे आहे : अकरावी, बारावी, आणि मग महाविद्यालय. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या, ठराविक प्रवर्गांतील कुटुंबांच्या मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण-फी व परीक्षा-फी पूर्णपणे माफ केली आहे. ही मोठी सोय आहे. तरी पुण्यातील वसतिगृह, खाणावळ, पुस्तके व प्रवास यांचा खर्च राहतोच, आणि कित्येक मुलींचे शिक्षण नेमके याच खर्चापाशी थांबते. दहा दिवसांसाठी जे आज द्यावयाचे, तेच पुढे तिच्या खोलीभाड्यास व डब्यास उपयोगी पडणारे होते. पाया व बुरूज यांत कोणास आधी पैसा लावावा, हे मग सांगावे लागले नाही. पाटल्या घरीच राहिल्या.

पारखण्याचे पाच प्रश्न

कोणत्याही उन्हाळी वर्गाविषयी निर्णय करण्यापूर्वी पालकांनी पुढील पाच प्रश्न विचारावे व उत्तरे लेखी मागावी.

पहिला : हा वर्ग कोण चालवितो? विद्यापीठ स्वतः, की त्याची जागा भाड्याने घेणारी कंपनी? पावती कोणाच्या नावाची मिळणार, हे विचारले की उत्तर चटकन कळते.

दुसरा : शिकविणार कोण? त्यांची नावे व विषय आधी कळतात काय? 'तज्ज्ञ मार्गदर्शक' एवढेच उत्तर मिळाले, तर ते उत्तर नव्हे.

तिसरा : निवड कशी होते? किती मुले नाकारली जातात? ज्या दारातून कोणीच परत जात नाही, त्या दाराचा मान तेवढाच.

चौथा : मूल तेथे काय करील? केवळ ऐकेल, की स्वतः एखादे काम पुरे करून आणील? परत आल्यावर ते काय दाखवू शकेल?

पाचवा : एकूण खर्च किती, आणि तो कोणाच्या वाट्याचा? फी, प्रवास, कपडे, वरखर्च हे सर्व मिळून आकडा काढावा. मग तेवढ्याच पैशात घरातील इतर मुलांसाठी काय होऊ शकले असते, ते शेजारी लिहावे.

या पाचांपैकी पहिल्या चारांची उत्तरे चांगली आली आणि पाचव्याने घर हलत नसेल, तर मुलास अवश्य पाठवावे. पहिल्याच प्रश्नास टाळाटाळ झाली, तर पुढचे विचारण्याचे श्रम वाचले असे समजावे.

घरचा फळा, गावची घंटा

ज्यांस जाता येणार नाही, त्यांनी हळहळत बसावे काय? मुळीच नाही. वर उल्लेखिलेल्या डॉ. नारळीकरांच्या बालपणीची एक हकीकत त्यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. त्यांचे वडील बनारस येथे गणिताचे प्राध्यापक होते, आणि घरात मुलांसाठी फळे लावलेले होते. पुढील अभ्यासासाठी त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार त्यांच्याकडे राहावयास आले. मामांनी एका फळ्यावर भाच्यासाठी आव्हान म्हणून एखादे कूट गणित लिहून ठेवावे. भाच्याने ते सोडवीपर्यंत किंवा हार मानीपर्यंत ते पुसावयाचे नाही, असा क्रम सुरू झाला. पुढे केंब्रिजपर्यंत पोचलेल्या त्या मुलाच्या वाटचालीत या फळ्याचा वाटा मोठा होता. प्राध्यापकाचे घर सर्वांच्या वाट्यास येत नाही, हे मान्य. पण फळा, खडू आणि रोज एक प्रश्न लिहिणारा कोणी वडीलधारा किंवा वरच्या वर्गातील दादा-ताई, हे कोणत्या आळीत मिळणार नाही?

शिवाय आपल्या गावाभोवती अभ्यासाचे विषय इतके पडले आहेत की, एक सुटी पुरणार नाही. बनेश्वराच्या देवळातील घंटाच पाहा. हे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधले. पण तेथील मोठ्या घंटेवर १६८३ हे साल आणि क्रूसाची खूण आहे. देवळापेक्षा घंटा जुनी कशी? ख्रिस्ती खूण असलेली घंटा शिवालयात कशी? १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या मोहिमेतून मराठ्यांनी अशा घंटा आणल्या, असे सांगतात. मग ही घंटा मूळ कोठल्या देवालयातील, ती ओतली कशी, एवढे वजन घाट चढून आणले कसे? अगासींनी शिष्यापुढे मासा ठेवला, तशी ही घंटा तुमच्यापुढे टांगलेली आहे. वही घेऊन जा, पुजाऱ्यांची परवानगी घ्या, तिचे चित्र काढा, माप घ्या. दहा मिनिटांत सर्व पाहून झाले असे वाटेल. तेव्हा आणखी एक तास तेथेच बसा.

किंवा विहिरी घ्या. आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. त्याच्या भेगांत व झिजलेल्या थरांत पाणी मुरते. चैत्रापासून मृगाच्या पावसापर्यंत दर रविवारी चार विहिरींतील पाण्याची पातळी दोरीला दगड बांधून मोजावी व कागदावर आलेख काढावा. एक विहीर लवकर आटते व शेजारची आटत नाही, असे का? हे असे शोधकार्य आहे की, त्यास फी नाही आणि त्याचा उपयोग गावास आहे. कोणी बनेश्वराच्या वनातील पक्ष्यांची रोज सकाळी नोंद करावी. कोणी अंबवड्याच्या संस्थानकालीन झुलत्या पुलाचा नमुना दोऱ्या व काड्यांनी बनवावा. कोणी आजीआजोबांस विचारून आपल्या मावळात पूर्वी पिकणाऱ्या भाताच्या जातींची नावे व त्यांची चव टिपून ठेवावी. आंबेमोहोर सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या मागची विस्मृत नावे त्या पिढीबरोबर जात आहेत.

अशा कामातून एखादी नवी कल्पना सुचली, तर ती शाळेमार्फत केंद्र सरकारच्या 'इन्स्पायर-मानक' योजनेत पाठविता येते. निवड झाल्यास ती प्रत्यक्षात उतरविण्यासाठी विद्यार्थ्यास १०,००० रुपये मिळतात. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करावयाची असतील, तर अरविंद गुप्ता यांनी आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे काम करून तयार केलेली पुस्तके व चित्रफिती मोफत उपलब्ध आहेत. त्यांतील पुष्कळ मराठीत आहेत. शोधिकेची 'पुलस्त्य' ही वास्तू पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिली. लेखकाने लोकांस हसवून मिळविलेला पैसा मुलांच्या प्रयोगशाळेस लागला, ही गोष्ट पालकांनीही मनात ठेवण्याजोगी आहे.

उपसंहार

तेव्हा महागडे उन्हाळी वर्ग उपयोगाचे की निरुपयोगी, याचे उत्तर वर्गाच्या नावात नाही. मुलाच्या हाती काम येते काय, त्याचा प्रश्न ऐकून घेणारा मनुष्य तेथे आहे काय, आणि ते मिळविताना घराचा पाया तर उकरला जात नाही ना, यांवर ते अवलंबून आहे. काम व ऐकून घेणारा मनुष्य ही दोन गावातच मिळाली, तर पैशावाचून काम भागते. ती देण्याची जबाबदारी प्रथम शाळेची आहे. उन्हाळ्यात ग्रंथालयाचे कपाट कुलूपबंद ठेवणारी शाळा जाहिरातदारांस दोष देण्यास पात्र नाही. आठवड्यातून दोन दिवस सकाळी कपाट उघडे राहील, एक शिक्षक तेथे बसेल, आणि कोणताही प्रश्न विचारणाऱ्यास कोणी हसणार नाही, एवढी व्यवस्था कोणत्याही खेड्यातील शाळेस करता येईल.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या वाट्यासही एक काम आहे. पुढच्या वेळी वर्गात कोणी वेडगळ वाटणारा प्रश्न विचारला, तर हसू नका. कदाचित त्याचे उत्तर तुम्हालाही ठाऊक नसेल.

सुटीतील अभ्यास

१. वर सांगितलेल्या विषयांपैकी एक, किंवा स्वतः निवडलेला एक विषय घेऊन सहा आठवडे रोज किंवा दर रविवारी नोंद ठेवा. नोंदीत तारीख, वेळ व माप असावे.

२. एका उन्हाळी वर्गाची जाहिरात मिळवा. पाच प्रश्नांपैकी कोणत्या प्रश्नांची उत्तरे तीत आहेत व कोणत्यांची नाहीत, ते दोन रकान्यांत लिहा.

३. घरातील एका वडीलधाऱ्या माणसास विचारा : 'तुम्हाला शिकावेसे वाटले, पण शिकता आले नाही असे काय?' त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून काढा.

४. नववीत जाणाऱ्यांनी 'युविका'च्या अर्जाची चौकशी वर्गशिक्षकांकडे करावी. आठवीचे गुणपत्रक व प्रमाणपत्रे एका पाकिटात नीट ठेवावी.

वह्या जून महिन्यात शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात वर्गात वाचून दाखवावयाच्या आहेत.